दगडांखालचा बर्फ

त्या उन्हाळ्यात मी उत्तर ध्रुवाजवळच्या लाँगइयरब्यून गावातल्या कचेरीत बसून हिमनद्यांचे नवे नकाशे करत होते. उपग्रहाच्या चित्रात उघडा बर्फ चटकन ओळखू येतो. पण हिमनदीचं टोक दगडमातीनं झाकलेलं असलं, की ते शेजारच्या जमिनीसारखंच तपकिरी दिसतं. जुन्या नकाशात अशा जागा सरसकट जमीन म्हणून रंगवल्या होत्या. त्याच नकाशाच्या भरवशावर तुर्गेर आणि एलिफ या माझ्या दोघा सहकाऱ्यांनी उत्तरेकडे तळ टाकला होता.

बऱ्याच दिवसांनी ढग हटले आणि तिथलं स्वच्छ चित्र मिळालं. ते मी जूनमधल्या चित्रावर ठेवलं. दोन्हीकडचे डोंगर तंतोतंत जुळले, पण तंबूजवळची लालसर दगडांची रांग समुद्राकडे सरकलेली होती. जमीन अशी सरकत नाही. शिवाय तंबूला लागूनच एक काळं डबकं दिसत होतं, जे जूनमध्ये नव्हतं.

मी त्यांच्या सॅटेलाइट फोनवर फोन लावला.

"बोला, सिन्नोव्हेबाई!" तुर्गेर म्हणाला. "आमची कॉफी उकळलेली दिसली का वरून?"

"तुर्गेर, तुमचा तंबू बर्फावर आहे."

"काहीतरीच काय! खाली चांगली दगडी जमीन आहे. मी उभा आहे इथे, आणि तू खुर्चीत बसून मला सांगतेस?"

"हो, खुर्चीत बसूनच सांगतेय. कुदळ मारून बघ."

तो हसला. मग दगडांवर कुदळीचे खणखणाट ऐकू आले आणि एकाएकी आवाज बदलला. तो परत बोलला तेव्हा थट्टा संपली होती.

"वीतभर खाली बर्फ आहे गं. आणि आत पाणी वाहतंय. ऐकू येतंय मला."

"सामान राहू दे. डावीकडच्या सुळक्यावर चढा. तो खडक दोन्ही चित्रांत जागचा हललेला नाही."

धापा, घसरणारे दगड, मग एलिफचा आवाज. "आम्ही वर पोचलो. म्हणजे मी पोचलो. तुर्गेर मागे फिरला. बिट्टा साखळीला बांधलेली राहिली."

बिट्टा म्हणजे त्यांची कुत्री. अस्वलाची चाहूल लागावी म्हणून तिला तळाच्या टोकाला बांधत.

"त्याला थांबव!"

"ऐकतोय कुठे तो! खुंटा निघत नाहीये. आता पट्टा कापतोय…"

तेवढ्यात काहीतरी प्रचंड कोसळल्याचा आवाज आला. एलिफ किंचाळला आणि फोन बंद पडला.

मी पुन्हा पुन्हा फोन लावत राहिले. शेजारच्या सहकाऱ्यानं हेलिकॉप्टर मागवलं.

अखेर फोन लागला. "आहेत," एलिफ रडत म्हणाला. "तुर्गेर आणि बिट्टा, दोघंही आहेत. खालचा बर्फ खचला, तंबू गेला, बंदुका गेल्या. हा कमरेपर्यंत चिखलात रुतला होता. दोर टाकून ओढला."

संध्याकाळी तुर्गेर ब्लँकेट पांघरून माझ्या टेबलाशी आला. पडद्यावरच्या नकाशावर त्यानं बोट ठेवलं.

"शेजारच्या हिमनदीवर कोण आहे?" त्यानं विचारलं.

"विद्यार्थी. काल गेलेत."

"तिथेही नकाशात असंच तपकिरी आहे?"

मी मान डोलावली. त्यानं खुर्ची ओढली. "तिथलं चित्र उघड. मी त्यांना फोन लावतो."