हाताने ठोकलेल्या तारखा

मी एक जुना संगणक आहे. भंगार नव्हे, जुना. एवढे आधीच सांगून ठेवतो, मित्रांनो. माझा जन्म कारखान्यात झाला, पण अक्कल आली ती बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत. तिथे सिमेंटची धूळ खात मी दहा वर्षे इमारतींची वेळापत्रके मांडली. कोणत्या कामाला किती दिवस आणि त्याच्यामागून कोणते काम, एवढे सांगितले की पुढच्या तारखा मी स्वतः काढतो. याचा मला थोडा गर्व आहे, तो असू द्या.

गेल्या वर्षी आम्ही शाळा बांधत होतो. जुनी इमारत पाडल्यामुळे मुले एका कोंदट गोदामात शिकत होती. नवी शाळा एक तारखेला उघडायची होती, पण काम रेंगाळले आणि माझ्या पडद्यावर शेवटची तारीख आठ दिसू लागली. मग गवंड्यांनी जीव तोडून छत नऊ दिवस आधी पुरे केले. तरी पडद्यावर आठच! रंगकामाची तारीख जागची हलेना. साहेबांचा पारा चढला. शाळेला उशिराचे पत्र लिहायला घेऊन त्यांनी मला भंगारात काढायला सांगितले. मला फार वाईट वाटले.

नियोजन पाहणाऱ्या ताईंनी एक तास मागून घेतला. एकेक ओळ तपासताना त्यांना प्रत्येक कामाशेजारी कॅलेंडरची बारीक खूण दिसली. त्यांनी मुकादमकाकांना बोलावले.

"काका, सुरुवातीच्या तारखा तुम्ही हाताने घातल्यात?"

"एकूण एक," काका अभिमानाने म्हणाले. "फळ्यावर आपण तसंच लिहायचो की. म्हटलं, यंत्राला कशाला त्रास?"

ताईंना हसू आवरेना. "अहो, हाताने तारीख घातली की त्याआधी ते काम सुरूच करायचं नाही, असं हा समजतो. तुम्ही त्याचे पाय बांधून ठेवलेत."

त्यांनी सत्तावीस कामांवरची ती बंधने काढली. राहिले फक्त दिवस आणि कामांचा क्रम. मग काय विचारता! एकामागून एक सगळी कामे सरसर अलीकडे सरकली आणि शेवटची तारीख आली एकोणतीस. एक तारखेच्या आधीची एकोणतीस! साहेबांनी बोटांवर दोनदा मोजले आणि पत्र फाडून टाकले. काकांनी स्वतःच्या रुमालाने माझा पडदा पुसला.

म्हणून मित्रांनो, एखादा जुना सोबती चुकतोय असे वाटले, तर त्याला टाकून देण्याआधी तासभर त्याच्यापाशी बसा. ताई माझ्यापाशी बसल्या, म्हणून एक तारखेला चारशे मुले आपापल्या बाकांवर बसली.