पाठीमागचा पाचवा

मी एक जुना टायर आहे. पण मला हात लावून पाहिलात तर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या अंगावरच्या खाचा अजून खोल आहेत आणि नक्षी कोरी करकरीत आहे. त्याचे कारण सोपे आहे, मित्रांनो. मी होतो स्टेपनी. गाडीच्या चार टायरांपैकी एखादा फुटला, तर त्याच्या जागी लावायला ठेवलेला पाचवा. चौघे धावत आणि मी पाठीमागे बसून असे. पण मी आयुष्यभर आयतोबासारखा बसून राहिलो असे कोणी म्हणेल, तर त्याला माझी गोष्ट जरूर ऐकवा.

माझा जन्म कारखान्यातला. काळ्या रबराच्या पट्ट्या आणि पोलादाच्या तारा एकावर एक गुंडाळून मला तापलेल्या साच्यात दाबले. बाहेर पडलो तेव्हा माझ्या अंगावर रबराचे बारीक केस होते. ते मला फार आवडत. कारखान्यातल्या माणसाने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "हा सगळीकडे चालेल. दगड, माती, वाळू, डांबर, काहीही असू दे." एवढे ऐकल्यावर मला शिंगे फुटायला काय वेळ लागणार?

दुकानात आल्यावर माझी ऐट उतरली. खालच्या फळीवर डांबरी रस्त्याचे गुळगुळीत टायर होते. वरच्या फळीवर जाडजूड उंचवट्यांच्या नक्षीचे, खास चिखलासाठी बनवलेले पैलवान होते. आम्ही मधल्या फळीवर. वरचे आम्हाला "ना धड इकडचे, ना तिकडचे" म्हणून हिणवत. मी तोंड पाडून बसे. करणार काय!

एके दिवशी दुकानात एक सासरे आणि सून आले. सून मासे वाढवणारी होती. घरामागच्या टाक्यांत ती अंड्यांतून पिल्ले काढी आणि बोटाएवढी झाली की तळ्यांवर नेऊन सोडी. या पिल्लांना ती बोटुकली म्हणे. तिचा नवरा दूर कामाला होता, म्हणून ट्रक सासरेबुवा चालवत. छोटाच ट्रक होता, पण डोंगर चढणारा. मागच्या खेपेला घाटातल्या दगडाने त्याचा टायर बाजूने फाटला आणि स्टेपनीत हवा नव्हती. ट्रक उन्हात अडकून पडला, टाकीतले पाणी तापले आणि डोंगरावरच्या तळ्यासाठी नेलेली सगळी बोटुकली मेली. ते तळे आटून पुन्हा भरले होते, पण त्यात एकही मासा उरला नव्हता. तळ्याकाठची माणसे जाळी गुंडाळून वाट पाहत होती. सून त्या दिवसापासून धड जेवली नव्हती, हे मला सासरेबुवांनी दुकानदाराला हळूच सांगितले तेव्हा कळले.

सासरेबुवांचे डोळे वरच्या फळीवर खिळले. "सूनबाई, हे बघ! काय दणकट आहे! याच्यापुढे दगड काय टिकतोय!"

"बाबा, आपण चिखलातून कितीसं जातो?"

"पाऊस पडला की जातोच की."

"आणि एरवी?"

"एरवी..." सासरेबुवांनी डोके खाजवले. "अर्धा रस्ता डांबरी. पुढे दगडगोटे."

दुकानदार मिश्कील होता. "आजोबा, हे डांबरावर इतकी बोंब मारतील की तुम्हाला हॉर्न लागणार नाही. झिजतीलही लवकर. तुम्हाला मिरवायचंय की माल पोचवायचाय?"

सूनबाई तोवर माझ्यासमोर आली होती. नक्षीकडे तिने नुसते पाहिले. मग वाकून माझी बाजू अंगठ्याने दाबली, पुन्हा दाबली. "दगड इथे लागतो," ती म्हणाली. "नक्षीत खिळा गेला तर पंक्चर काढता येतं. बाजू फाटली की टायर गेला." मग तिने विचारले, पाण्याने भरलेल्या टाकीचे वजन हा पेलेल का. माझ्या अंगावर ठोकलेला माझ्या जन्माचा आकडाही तिने वाचला, कारण रबर नुसते पडूनही म्हातारे होते. मुलगी पाहायला आल्यासारखी माझी ती तपासणी चालली होती आणि मी श्वास रोखून बसलो होतो. शेवटी ती म्हणाली, "हेच. पाच द्या."

"पाच कशाला?" सासरेबुवा दचकले. "चार घे. स्टेपनी जुनीच राहू दे. ती कुठे रस्त्यावर उतरतेय?"

"उतरायची वेळ आली आणि ती वेगळ्या मापाची निघाली, तर? बाबा, मला पुन्हा रस्त्यात थांबायचं नाहीये."

सासरेबुवांनी पाचांचे पैसे मोजले. चौघांना ट्रकखाली जागा मिळाली आणि मला ड्रायव्हरच्या खोलीच्या मागे, माशांच्या टाकीला खेटून उभे करून पट्ट्याने आवळले.

पहिले काही महिने मी रुसून होतो. चौघे घरी येत ते धुळीने माखून, नाना ठिकाणच्या गप्पा घेऊन. मला सांगायला काय होते? पण सासरेबुवा मला विसरत नसत. मला विकत घ्यायला नाही म्हणणारा हाच माणूस रोज सकाळी चहाआधी येऊन माझ्यावर मूठ आपटून आवाज ऐके. हवा जरा कमी वाटली की पायाने मारायचा पंप काढून ती पुरी करी. "स्टेपनीत हवा नाही, तो ड्रायव्हर कसला!" हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्यांना माझ्या हवेची इतकी खात्री असे, की तो पंप त्यांनी कधी ट्रकमध्ये घेतलाच नाही. तो घरी दारामागे असे. "भरलेली स्टेपनी सोबत असताना ते ओझं कशाला?" असे ते म्हणत. हळूहळू माझा रुसवा गेला. टाकीला खेटून असल्याने पाण्याची हालचाल मला अंगात जाणवे, आणि ती मला आवडू लागली होती.

मग नवी बोटुकली तयार झाली. सूनबाईने त्यांना डोळ्यांत तेल घालून वाढवले होते. निघण्याच्या सकाळी ती सासरेबुवांना म्हणाली, "बाबा, ही पोचली नाहीत तर मी टाक्या रिकाम्या करणार. पुन्हा हे काम नाही." ती हे शांतपणे म्हणाली, म्हणून मला जास्त भीती वाटली.

टाकीवर विजेचा एक लहान पंप होता. गाडीच्या बॅटरीवर तो चाले आणि बारीक नळीने पाण्यात बुडबुडे सोडी. बुडबुडे आहेत तोवर मासे सुखात. डांबरी रस्ता संपला, दगडांचा चढ लागला. चौघे माझे भाऊ छान चढत होते. अर्धा चढ झाला आणि पंप घरघरला, जळका वास आला, आणि बुडबुडे थांबले.

सूनबाई उडी मारून मागे आली. तिने पंपाच्या तारा ओढल्या, पुसल्या, पुन्हा जोडल्या. काही उपयोग नव्हता. पिल्ले एकेक करून वर येऊ लागली आणि पाण्याबाहेर तोंड काढून हवा गिळू लागली. तिने प्लास्टिकचा मग उचलला आणि टाकीतलेच पाणी उंचावरून पुन्हा टाकीत ओतू लागली, म्हणजे त्यात थोडी हवा मिसळेल. पण टाकी मोठी, हातातला मग लहान आणि हात दोनच. तळे अजून लांब होते. मागे फिरावे तर घर त्याहून लांब.

"पायाचा पंप असता तर..." ती म्हणाली. सासरेबुवांनी खाली पाहिले. पंप दारामागे होता, हे दोघांनाही ठाऊक होते.

मग सासरेबुवा माझ्याकडे बघू लागले. मी त्यांना काही वर्षांपासून ओळखत नव्हतो, पण कित्येक महिने तरी ओळखत होतो. त्यांच्या मनात काय आले ते मला लगेच कळले.

"सूनबाई, पंपाची नळी काढ," ते म्हणाले.

"कशाला?"

"याच्यात हवाच हवा आहे."

तिला समजायला क्षणभर लागला. मग तिचा चेहरा उतरला. "बाबा, नको. पुढचा सगळा रस्ता दगडांचा आहे. स्टेपनी रिकामी केली आणि एखादा टायर गेला, तर आपण पुन्हा तिथेच. मागच्यासारखंच."

"जाणार नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"तू निवडलेत ना ते?" सासरेबुवा म्हणाले. "अंगठा दुखेपर्यंत दाबून बघितलेत. मग आता भरवसा ठेव की त्यांच्यावर."

मित्रांनो, रोज माझी हवा जपणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या हाताने माझ्या तोंडाचे टोपण काढले. नळी माझ्या तोंडाला लावून त्यांनी ती हातरुमालाने घट्ट बांधली आणि आतली कळ अगदी थोडीशी सैल केली. सूनबाईने नळी चिमटीत धरली, म्हणजे हवा भसकन निघून जाणार नाही. आणि पाण्यात बुडबुडे आले. माझे बुडबुडे! मला भीती वाटत होती आणि आनंदही होत होता, दोन्ही एकदमच.

ट्रक निघाला. सासरेबुवांनी असा ट्रक आधी कधी चालवला नसेल. प्रत्येक दगड पाहून, प्रत्येक वळणावर श्वास रोखून. एका ठिकाणी उजव्या मागच्या भावाच्या बाजूला धारदार दगड लागला, खर्रकन आवाज झाला. पुढून सासरेबुवांनी ओरडून विचारले, "गेला का?" सूनबाईने वाकून पाहिले. ओरखडा होता, पण चीर नव्हती. "नाही, बाबा! चला!" तिच्या आवाजात रडू होते.

मी रिकामा होत गेलो. अंग सैल पडले, ताठा गेला. तळे दिसू लागले तेव्हा माझ्याजवळ देण्यासारखे काही उरले नव्हते. रस्त्याचा शेवटचा टप्पा तिने पुन्हा मगाने पाणी ओतत काढला.

तळ्याकाठी माणसे धावत आली. टाकी कलती केली आणि बोटुकली पाण्यात उतरली. थोडी उलटी तरंगली. बाकीची, म्हणजे जवळजवळ सगळी, शेपट्या हलवत खोल पाण्यात दिसेनाशी झाली. सूनबाई काठावर मटकन बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. कुणीतरी बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. एका म्हाताऱ्याने सासरेबुवांना विचारले, "आणली शेवटी पिल्लं?"

"मी नुसता ड्रायव्हर," सासरेबुवा म्हणाले. "पिल्लं आमच्या सूनबाईची."

घरी पोचेस्तोवर संध्याकाळ झाली. सासरेबुवांचे गुडघे धरले होते. तरी बूटही न काढता त्यांनी दारामागचा पंप आणला आणि मला हवा मारायला लागले.

"बाबा, उद्या करा ना. दमलात किती!"

"ज्यानं आज आपली लाज राखली, त्याला रात्रभर उपाशी ठेवू?" ते धापा टाकत म्हणाले. सूनबाईने मग दुसऱ्या बाजूने पंप धरून ठेवला आणि ती दोघे मला भरत राहिली.

त्यानंतर सूनबाईने टाक्या वाढवल्या. दरवर्षी बोटुकली वर जाऊ लागली, ट्रकमध्ये आता दोन पंप असत. माझे चौघे भाऊ झिजून गेले, त्यांच्या जागी नवे आले. मी झिजलो नाही, पण उन्हाने माझ्या बाजूला बारीक भेगा पडल्या. नक्षी पाहून एक गिऱ्हाईक मला मागायला आले होते. सूनबाईने मान हलवली, म्हणाली, "वरून नवा दिसतो, पण याच्यावर आता कुणाचा जीव सोपवता येणार नाही." तिचे बरोबर होते. मला वाईट वाटले, पण तिचे बरोबर होते.

म्हणून मित्रांनो, एवढे ऐका. जी वस्तू वापरात नाही, तिलाही वय असते, तिलाही भूक असते. तुमच्या घरच्या गाडीमागे माझा एखादा भाऊ असेल. त्याची हवा बघा, त्याच्या बाजूवरून हात फिरवा, भेगा दिसल्या तर मोठ्यांना सांगा. तो स्वतःहून काही मागणार नाही. आम्हाला मागता येत नाही. वेळ आली की फक्त देता येते, आणि तेही कुणीतरी आधी आमच्यात भरून ठेवले असेल तरच.