नीट करतो

घोड्याचं तोंड किंचित डावीकडे वळलं होतं. चौकोनाच्या मधोमध असायचा तो काळा घोडा एका कडेला सरकला होता, आणि समोर बघायचं सोडून त्याचं नाक खिडकीकडे होतं—एवढंच. पट तिच्यापासून दोन हात लांब. मधे दोरी, दोरीपलीकडे नवऱ्याची पाठ, आणि त्या पाठीच्या खांद्यावरून दिसणारा घोडा. आता हात जाईल, तिला वाटलं. भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली की जातो, जेवताना ताटाची कड टेबलाच्या कडेशी जुळली नाही की जातो, तसा जाईल. लगेच नाही. आधी मान जराशी कलेल, मग अंगठा तर्जनीवर घासला जाईल... घासला जात होता.

"तराजू आज बरा तोलून बसलाय," तिच्या डावीकडचा चपलांचा दुकानदार कुजबुजला. तो सकाळपासून दोरीला पोट टेकून उभा होता.

"तोलून कसला, तोल जायला आलाय," त्याच्या पलीकडचे गणिताचे मास्तर म्हणाले. "बघा, त्या पोरीचा उंट कसा रोखून बसलाय. घोडा हलला की मागचा वजीर गेलाच."

"मग हलवेल कशाला? वेडा आहे का?"

"वेडा नाही, म्हातारा आहे. थोडंच अंतर असतं."

दुकानदार नाकातून हसला. ती हसली नाही, पण वाईटही वाटलं नाही. ही तराजूची बायको हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसणं तिला सकाळपासून बरं वाटत होतं—परक्या गावात आरशासमोरून जाताना स्वतःला न ओळखावं, तसं काहीसं. तराजू हे नाव नवऱ्याला नोकरीवरून पडलं होतं. वजनमापं तपासायचा तो. उभी हयात दुकानादुकानांतली मापं उचलून बघण्यात गेली. कुणाचं माप खोटं निघालं की त्या दिवशी घरी येऊन दोन घास जास्त जेवायचा.

हॉल भरलेला होता. टेबलांच्या रांगाच रांगा, प्रत्येक टेबलावर दोन वाकलेली डोकी, आणि एवढी माणसं असूनही आवाज फक्त घड्याळांची बटणं दाबल्याचा. शेवटची फेरी. नवरा कधी नव्हे तो पुढच्या रांगेत येऊन बसला होता, दोरीलगतच्या कडेच्या टेबलावर, जिथे बघ्यांचा श्वास खेळणाऱ्याच्या मानेला लागतो. समोर एक वेणीवाली मुलगी, कॉलेजातली असावी; पेनाचं टोपण दातांत धरून बसली होती.

सकाळी बुटांच्या नाड्या बांधताना तो म्हणाला होता, "आज हरलो नाही तर पुढच्या वर्षी निवडक खेळाडूंत जागा. बरोबरी झाली तरी चालेल. हरलो तर मात्र बास. पट माळ्यावर. मग घरीच." आणि नाडीची दोन्ही टोकं सारखी आली का ते बघून—"तुझी ती शिवणाची खोली एकदा नीट करायला घेतो."

तिच्या हातातला डबा तसाच राहिला होता. शिवणाची खोली... निवृत्तीनंतर तो सकाळी क्लबात जायचा तो दिवे लागल्यावर यायचा, आणि तेवढा वेळ ती खोली तिची होती. टाचण्या कुठेही टोचलेल्या, चिंध्यांचा ढीग पायाशी, कात्री ज्या बाजूला पडेल त्या बाजूला. गिऱ्हाईक बाया यायच्या, मापं देता देता सासूची उणीदुणी काढायच्या, ती तोंडात टाचण्या धरून हसायची. त्या खोलीत हा माणूस सकाळी खुर्ची टाकून बसणार, बाया गप्प होणार, आणि तो एकेक वस्तू उचलून... म्हणून तिने आज आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डावासाठी देवाला हात जोडले होते. जिंकू दे बाबा. नाहीतर बरोबरी. पण हरू देऊ नकोस, त्याला माझ्याकडे पाठवू नकोस.

मान कलली.

"नीट करतो," तो म्हणाला, आणि दोन बोटांत घोडा धरून त्याने तो चौकोनाच्या मधोमध आणला.

म्हणाला तो. नेहमीसारखाच म्हणाला, ओठ फारसे न हलवता, घशातल्या घशात. दोरीपाशी दुकानदार खोकत होता, मागे कुठेतरी खुर्ची सरकली, मुलगी मान खाली घालून तिची चाल कागदावर टिपत होती. तिने वर बघितलं तेव्हा तिला दिसला तो फक्त घोड्यावरचा हात.

मुलीने टोपण दातांतून काढलं आणि हात वर केला.

पंच आले, गळ्यात ओळखपत्र, पायांत आवाज न करणारे बूट.

"सर, यांनी घोड्याला हात लावला. चाल त्यांची आहे."

"लावला. सांगून लावला," नवरा म्हणाला. "नीट करतो म्हटलं मी."

"मी नाही ऐकलं, काका." मुलगी उद्धट नव्हती. नुसती थंड होती.

"आजोबा," पंच वाकून म्हणाले, "आधी सांगितलं असेल तर काही प्रश्नच नाही. पण यांना ऐकू गेलेलं नाही. हात लावला की तोच मोहरा खेळावा लागतो, तुम्हाला मी काय सांगायचं."

"काही सांगायचं नाहीच! तुम्ही जन्मला नव्हता तेव्हापासून मी—"

"हळू बोला, आजोबा."

आजोबा. तिला त्याच्या मानेवर लाली चढताना दिसली, कॉलरीपासून कानापर्यंत. पंच जरा घुटमळले, सज्जन असावेत. "खरं तर बघ्यांचं मत आम्ही घेत नाही. पण जवळपासच्या कुणी ऐकलं असेल..."

दुकानदार आणि मास्तर दोघांनीही एकदम छताकडे पाहिलं.

मग नवरा खुर्चीतच मागे वळला. त्याला ती कुठे उभी आहे हे शोधावं लागलं नाही. आपली छत्री कुठल्या कोपऱ्यात ठेवली ते माणसाला माहीत असतं तसं. "ही माझी बायको," तो पंचांना म्हणाला. "हिला विचारा. हिला खेळातलं काही कळत नाही, म्हणजे खोटंही बोलता यायचं नाही."

दुकानदाराचं पोट दोरीवरून मागे सरकलं.

सगळे तिच्याकडे बघत होते. ऐकलं ना मी. मीच नाही ऐकणार तर कोण—लग्नानंतर फोटो काढायला गेलो तेव्हा फोटोवाल्यासमोर माझी हनुवटी दोन बोटांत धरून म्हणाला होता, नीट करतो. मला वाटलं, लाड करतोय. नंतर कपाचा कान धरून म्हणाला, उशीची शिवण धरून म्हणाला, लेकीच्या पाळण्यावरची खेळणी एका उंचीला आणताना म्हणाला. आधी सांगायचं, मग हात लावायचा, म्हणजे चूक धरली जात नाही... आणि आई गेली तेव्हा. दवाखान्यातल्या त्या खाटेवर आईचा हात चादरीबाहेर लोंबत होता, मी तो धरून बसले होते, अजून ऊब होती त्यात—नुकतीच गेली होती. हा आला, उभा राहिला, मान कलली. नीट करतो, म्हणाला. माझी बोटं एकेक करून सोडवली आणि तिचा हात दुसऱ्या हाताच्या सरळ रेषेत ठेवला. वाईट हेतू नव्हता. कधीच नव्हता. त्याचीच तर गंमत आहे, की चिडायला जागाच नाही ठेवली कुठे.

तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. हो म्हटलं की घोडा जागच्या जागी राहणार, वजीर वाचणार, डाव निदान बरोबरीत सुटणार, आणि सकाळी तो पुन्हा क्लबात जाणार. एक शब्द. स्वतःच्या भल्याचा. नाही म्हटलं तर तो घरी येणार, कायमचा, तिच्या चिंध्यांत. एखाद्या खुळ्या बाईलासुद्धा कळलं असतं काय म्हणायचं.

त्याने भुवया उंचावल्या. विनवणी नव्हती त्यात. बोल लवकर, घड्याळ चालू आहे, एवढंच होतं.

"मला," ती म्हणाली, आणि आवाज इतका साधा निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं, "मला खेळातलं काही कळत नाही."

"तसं नाही, बाई," पंच म्हणाले. "ते काही म्हणाले का, एवढंच."

"हे सांगतातच ना. मला काही कळत नाही."

दुकानदार फिस्सकन हसला आणि त्याने तोंडावर हात दाबला. पंचांनी मान हलवली. नवरा तिच्याकडे बघत राहिला, कुणाचं माप हातात घेऊन बघायचा तसा, आधी वरून, मग उलटं करून, तळाशी. मग वळला.

घोडा खेळला. उंटाने वजीर घेतला. त्यानंतरही तो खेळत राहिला, उगाचच, आणि प्रत्येक मोहरा चौकोनाच्या अगदी मधोमध ठेवत राहिला, तो आता मारला जाणार हे माहीत असूनही.

"अहो, वहिनी," मास्तर हळूच म्हणाले, "आम्ही मघाशी जे बोललो... तुम्ही आहात हे माहीत नव्हतं."

"बोला की," ती म्हणाली. "बरं बोलता तुम्ही."

यावर दोघेही तिच्यापासून थोडे लांब सरकले.

शेवटी त्याने हात पुढे केला. मुलीने तो हातात घेतला, डोळे टाळून. डाव संपला की दोन्ही राजे पटाच्या मधे आणून ठेवायचे, पांढरी जिंकली तर पांढऱ्या चौकोनांवर, म्हणजे लांबून येणाऱ्या पंचाला निकाल वाचता येतो. ते काम मुलीने केलं. राजे जरा तिरके राहिले. दोरीपाशी बायको वाट बघत होती, आता मान कलेल. कलली नाही. तो उठला, आणि राजे तसेच राहिले.

बाहेरच्या व्हरांड्यात निकालाचा कागद लागला आणि ही झुंबड. खांद्यावरून खांदे, कागदावरून फिरणारी बोटं, आणि बोलणं, आत दाबून धरलेलं सगळं बोलणं इथे फुटलं होतं.

"तराजू गेला? वरचढ होता ना सकाळी?"

"वरचढ होता. घरच्यांनी उतरवला."

"म्हणजे?"

"अहो, बायकोला साक्षीला उभी केली. आणि बायको म्हणते, मला काही कळत नाही!"

"बापरे. समोरच्या वजिरापेक्षा घरचा वजीर भारी पडला की."

"मी म्हणतो, तिला ऐकू गेलं असणार."

"तर! न ऐकायला काय झालं, एवढी जवळ उभी होती. मी खोकत होतो तरी मला अर्धंमुर्धं आलं कानावर."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"मी कशाला बोलू? माझा नवरा आहे का तो?"

मोठा हशा झाला. नवरा तिच्या शेजारीच उभा होता, कोट हातावर टाकून, कागदावर आपल्या नावापुढचं शून्य बघत, आणि हशा त्याच्या अंगावरून गेला. त्याने ऐकलं. दुकानदाराचं शेवटचं वाक्यही ऐकलं. तिला त्याच्या जबड्याची हालचाल दिसली. वाटलं, आता विचारेल. घसा साफ करील आणि चारचौघांत विचारेल. तिची तयारी होती... तो कँटीनकडे चालू लागला.

कँटीनमध्ये दोघांपुरतं टेबल मिळालं. टेबलाचा एक पाय आखूड होता, ते डुगडुगत होतं. एरवी त्याने कागदाची घडी करून पायाखाली सारली असती.

"दोरीलाच उभी होतीस ना तू," तो म्हणाला. प्रश्न नव्हता.

"हो."

"हं."

पोऱ्याने चहा आपटून ठेवला, दोन कप, बशीत सांडलेला. तिच्या कपाचा कान डावीकडे होता, भिंतीकडे. ती डावखुरी; लग्नाआधी तशीच धरायची कप, हे तिला कितीतरी वर्षांनी आठवलं. त्याने ते पाहिलं. मान कलली. अंगठा तर्जनीवर घासला गेला, आणि हात टेबलावरून आला, सावकाश, आणि दोन बोटांनी कपाचा कान धरून तो उजवीकडे फिरवला.

काही न बोलता.

ती थांबली. शब्द मागाहून येईल असं तिला वाटलं, कधी कधी तो चहाचा घोट घेऊन झाल्यावरही पुटपुटायचा. त्याने घोट घेतला. खिडकीबाहेर पाहिलं. हात पुन्हा पुढे आला आणि तिची बशी टेबलाच्या कडेशी जुळवून ठेवली, मग चमचा, मग तिच्या पिशवीचा लोंबणारा बंद—न सांगता, एकामागून एक, आता सांगायचं कारण उरलं नसल्यासारखं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिने नीट निरखून पाहिलं, नव्हताच.

उद्या सकाळी खुर्ची येईल खोलीत. कात्री सरकेल. टाचण्या रंगवार लागतील. मी मशीनवर वाकलेली असेन, पाठ त्याच्याकडे, आणि मागे काय हलतंय ते मला कळणार नाही, कारण आता आधी सांगणारं कुणी नाही... ज्या शब्दाने इतकी वर्षं अंगावर काटा आला, त्याची ती चहा निवेपर्यंत वाट बघत बसली. कप तिने उचलला नाही. समोर त्याची बोटं हलत होती, आणि तिचे कान त्याच्या तोंडाकडे लागून राहिले होते.