गव्हाणीकडचे खांब

निरवांगीच्या मळ्यात रामहरीतात्यांचा नवा गोठा उभा राहिला, त्याचे खांब त्यांच्या पुतणीने, साक्षीने आखून दिले होते. ती बारामतीत शेड बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. खांब पातळ पत्र्याचे, यंत्रात थंडच वाकवलेले, एका बाजूने उघडे. उघड्या बाजूच्या दोन्ही कडांना बोटभर पट्टी आत वळवलेली. वर कडब्यासाठी माळा, खाली गाई.

गाई आत घ्यायच्या दिवशी साक्षी पोचली, तेव्हा दावणीला गाई बांधून झाल्या होत्या, तुळसाकाकी ओवाळणीचं ताट लावत होत्या आणि बिरू गडी माळ्यावर पेंढ्या रचत होता. माळा निम्मा भरला होता. साक्षीने गव्हाणीकडच्या खांबाला सहज हात लावला. मध्ये हातभर पट्टीच नव्हती.

“तात्या, ही कुणी कापली?”

“म्याच. परवा बांधून बघितलं, तर कपिली गाय मान घासायची, कातडं सोललं तिचं. गव्हाणीकडच्या चारी खांबांची ग्राइंडरनं काढली, वर कानस मारली. लोणी हाय लोणी!”

“मला विचारायचं तरी.”

“बोटभर पत्र्यासाठी बारामतीला फोन लावू व्हय? आख्खा खांब हाय की जागेवर.”

साक्षीने काकींकडून दोरा घेतला आणि खांबाच्या कडेला वरपासून खालपर्यंत ताणून धरला. पलीकडच्या धड खांबाला तो चिकटून बसला होता. इथे कापलेल्या जागी कड आत दबली होती. दोरा आणि पत्रा यांत नखभर फट.

“बिरूदादा, या बाजूच्या पेंढ्या उतरवा.”

पेंढ्या उतरल्या तशी फट मिटली.

“झाला न्हवं सरळ?” तात्या हसले. “उगं आपला जिवाला घोर.”

“सरळ झाला म्हणूनच भीती आहे, तात्या. पत्रा अजून परत येतोय. जास्त भार पडला की कडेला घडी पडेल, मग तो परत येणार नाही. आणि घडी पडताना हाक मारत नाही.”

“किती पेंढ्यांनी पडंल?”

“ते मला सांगता येत नाही. मी हिशेब केला तो पट्टीसकट; कड तीच ताठ धरते. या खांबाचा हिशेब माझ्याकडे नाही.”

तात्यांनी दोरा स्वतः धरला. “बिरू, हुत्या तेवढ्या परत टाक.”

“आधी गाई बाहेर,” साक्षी म्हणाली.

“बघू तर दे!”

“गाई बाहेर, तात्या.”

कुरकुरत त्यांनी दावी सोडली. मग बिरूने पेंढ्या रचल्या. तात्यांच्या डोळ्यांदेखत पत्रा दोऱ्यापासून सुटला. त्यांनी बोट घालून पाहिलं आणि लगेच काढलं.

“उतरीव समदं,” ते म्हणाले.

“आन ओवाळायचं?” काकींनी विचारलं. “पावणं येऊन बसल्यात.”

“चिंचंखाली ओवाळ. गोठा न्हाय झाला अजून.” मग साक्षीकडे वळून, “नवीन खांब लावशील. पर कपिलीच्या मानंचं काय करायचं, ते सांग आधी.”

“उघडी बाजू गव्हाणीकडे ठेवायलाच नको होती. ती माझी चूक. आता खांबाची बंद पाठ गाईंकडे करते.”

“मंग हे आधी न्हाय सुचलं?”

साक्षीने टेप काढली आणि या वेळी आधी कपिलीच्या मानेची उंची मोजू लागली. कपिलीने टेप चाटली.