जमुनाचा टोपला

धाकटी डहाणू गावातल्या वेणूची शेंडेफळ पोर जमुना नऊ वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. माणसांचा गलका झाला की कान दाबून किंचाळायची. पण सुके बोंबील घेऊन आशागडच्या बाजाराला बैलगाडी निघाली, की ती आपणहून मोठा रिकामा टोपला अंगावर पालथा घेऊन बसायची आणि सगळी वाट गप्प असायची. गाडीवाला थट्टा करायचा, "वेणू, कोंबडी झाकलीस काय गं?" वेणूही हसायची. पोर टोपल्याखाली शिरली म्हणजे निघायला तयार, इतकं साधं होतं ते.

त्रेसष्ट साली थोरला नारू तलासरीला मास्तर झाला. खोली घेतली, शाळेतल्या मास्तरांना जेवायला बोलावलं आणि घरी पत्र टाकलं. सगळे या, जमुनालाही आणा, फक्त मासळीचा वास येईल असं काही आणू नका. मास्तर झालेल्या लेकाचा शब्द! वेणूने टोपला दाराआड सारला. जमुनाने तो दोनदा ओढून आणला, वेणूने दोनदा परत ठेवला. तिथेच कळायला हवं होतं, पण नवं लुगडं नेसायच्या घाईत कुणाला सुचतंय.

एस.टी. सुरू झाली आणि जमुनाने किंकाळी फोडली. लोक माना वळवून बघायला लागले. तिला आवरता आवरता तिचा बाप भीमा घामाघूम झाला. आशागडला बाजारातली ओळखीची शुक्री सुक्या मासळीचा रिकामा टोपला घेऊन चढली. जमुना झेपावली, तो ओढून तिने डोक्यावर पालथा घातला आणि तिथल्या तिथे शांत झाली.

"राहू दे ना बाई, रिकामाच हाय," शुक्री म्हणाली.

पुढच्या बाकावरच्या टोपीवाल्याने नाकाला रुमाल लावला. हा नारूच्याच शाळेतला असला तर? वेणूने टोपला हिसकावून परत केला आणि पोरीच्या थोबाडीत मारली. आजवर कधी बोट लावलं नव्हतं तिने. कशाला मारलं, देव जाणे.

मग जमुना आवरेचना. कंडक्टरने त्यांना पुढच्या थांब्यावर उतरवलं. तिघं चालत घरी आली. तिकडे नारू संध्याकाळपर्यंत एस.टी.ची वाट बघत उभा होता.

दिवाळीला तो स्वतः आला. "आई, टोपला आण, वास येऊ दे, पण हिला आण," म्हणाला. पुढच्या रविवारी वेणूने नवं लुगडं नेसलं, तशी जमुना टोपल्याखाली शिरली. वेणूला कोण आनंद झाला! पोर निघाली म्हणून तिने टोपल्याला हात घातला, तर तो उचलवेना. जमुनाने आतून दोन्ही हातांनी काठ जमिनीशी दाबून धरला होता.

"चल गं बाय, टोपल्यासकट चल."

काठावरची बोटं आणखी घट्ट झाली.

भीमा एकटाच तलासरीला गेला. वेणू दिवसभर टोपल्यापाशी बसून "नाही गं मारणार, नाही मारणार" म्हणत राहिली.