पट्टीखालचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. पण माझ्या उजेडात कधी कुणी पुस्तक वाचले नाही, की सुईत दोरा ओवला नाही. शर्टाच्या गुंडीहूनही मी लहान. एका अवजड ट्रकमध्ये, स्टिअरिंगच्या मागे, डॅशबोर्डच्या काचेआड माझी जागा होती. माझ्यावर तेलाच्या डबीचे चित्र आहे. फुगीर पोट, लांब चोच आणि चोचीच्या टोकाशी एक थेंब. इंजिनात ऑइल नीट फिरते आहे का, त्याला पुरेसा दाब आहे का, एवढेच सांगणे हे माझे काम. दाब असला की मी विझलेला. दाब गेला की मी लाल. यापलीकडे मला काही येत नाही. मला हाक मारता येत नाही आणि ब्रेकही दाबता येत नाही.

कारखान्यात एका बाईने मला जागेवर बसवले. वायर जोडून तिने मला पेटवून पाहिले, विझवून पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, "हा जन्मभर विझलेला राहो म्हणजे मिळवली." मला फार लागले ते. पेटण्यासाठी जन्मलेल्याला असे कुणी म्हणते का? ती ट्रक चालवणाऱ्याचे भले चिंतत होती, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

माझे पहिले चालक म्हणजे मास्तर. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. पण गाडीतळावरच्या निम्म्या चालकांना त्यांनी गाडी शिकवली होती, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. सकाळी चावी फिरवली की आम्ही सगळे दिवे क्षणभर एकदम पेटायचो. मास्तर एकेकावर बोट ठेवून हजेरी घ्यायचे. "बॅटरी, हवा, ऑइल, पाणी... आले सगळे." मग इंजिन सुरू व्हायचे आणि आम्ही एकामागून एक विझायचो. एखादा दिवा विझला नाही, तर गाडी जागची हलायची नाही.

त्यांची मुलगी लहान होती तेव्हा सुट्टीत कधीकधी केबिनमध्ये येऊन बसायची. दोघांची ठरलेली प्रश्नोत्तरे असायची.

"लाल म्हणजे?"

"थांबायचं!"

"पिवळा?"

"आज-उद्या मिस्त्रीला दाखवायचं."

"आणि हिरवा, निळा?"

"काही नाही. चालू द्यायचं."

एकदा भर उन्हात, माल पोचवायची घाई असताना, मी पेटलो. मास्तरांनी लगेच गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. ऑइलचा एक पाइप फुटला होता. आम्ही दिवसभर रस्त्याच्या कडेला तापत बसलो. माल उशिरा पोचला म्हणून मास्तरांना चार शब्द ऐकावे लागले. तरी दुसऱ्या दिवशी काच पुसताना ते मला म्हणाले, "वाचवलंस रे." आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

पुढे मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी लांबच्या पाट्या दिसेनाशा झाल्या, मग आम्ही दिवेही. एका संध्याकाळी गाडी लावून त्यांनी चावी जावयाच्या हातात दिली. जावई कष्टाळू आणि हसरा होता, गाडीवर त्याचा हातही चांगला होता. पण तो लहान गाड्या चालवत आला होता. आमच्यासारखे इतके दिवे त्याने एका जागी कधी पाहिले नव्हते.

इथेच सगळे अडले, मित्रांनो. बाहेरचा कुणी शिकायला आला असता तर मास्तरांनी त्याचा कान धरून शिकवले असते. जावयाचा कान कसा धरणार? ते म्हणाले, "जावईबापू, तुम्हाला माहीतच असेल, पण हे दिवे जरा..."

"माहीत आहे मामा, तुम्ही निवांत राहा," जावई म्हणाला.

त्याला माहीत नव्हते. पण सासऱ्यापुढे तसे म्हणायचे कसे? माहिती-पुस्तक शोधले असते तर सापडले असते. सीट डगमगू नये म्हणून ते तिच्या एका पायाखाली दाबून ठेवले होते. मी समोरून दोघांकडे पाहत होतो. एकाला सांगायचे होते, एकाला विचारायचे होते, आणि दोघेही मान डोलवत खाली उतरले.

पहिल्याच महिन्यात माझा शेजारी, इंजिनाचा पिवळा दिवा पेटला आणि पेटलेलाच राहिला. जावई दोन दिवस घाबरला. गाडी मात्र चालत राहिली. आठवड्याभराने तो हसून म्हणाला, "हे दिवे म्हणजे घरातल्या मोठ्या माणसांसारखे. सारखे बोलणार. आपण आपलं काम करत राहायचं."

मग माझी पाळी आली. माझ्याकडे येणारी एक वायर घासून उघडी पडली आणि वळणावर लोखंडाला टेकू लागली. ती टेकली की ऑइलचा दाब ठीक असतानाही मी पेटायचो. मला आतून कळत होते की मी खोटे बोलतो आहे. पण थांबणे माझ्या हातात नव्हते. जावयाला माझ्यावरच्या चित्रात चहाची किटली दिसली. "किटली पेटली! चला, चहा घ्या!" असे म्हणून तो टपरीपाशी गाडी थांबवू लागला. बरोबरचे चालक पोट धरून हसायचे. तळावरच्या वायरमनने मात्र वाकून पाहिले आणि तो म्हणाला, "वायर घासलीय. उद्या या, बदलून देतो. तोवर या दिव्याचं काही खरं नाही."

जावयाला त्यातले शेवटचे वाक्य तेवढे आवडले. तो उद्या कधी उगवला नाही. मी लुकलुकत राहिलो. एका दुपारी वैतागून त्याने काळ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा फाडला आणि माझ्यावरच्या काचेवर चिकटवला.

त्यानंतर मी पट्टीमागे पेटायचो आणि पट्टीमागेच विझायचो. मला राग आला नाही. भीती मात्र वाटायची.

मास्तरांच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. शहरातल्या रुग्णालयात सकाळी नऊची वेळ मिळाली होती. जावयाला फरशा घेऊन त्याच बाजूला जायचे होते. तो म्हणाला, "मामा, माझ्याबरोबरच चला. दारात उतरवतो तुम्हाला." मुलगी निरोप द्यायला तळावर आली होती. तिने केबिनमध्ये डबा ठेवला आणि "अहो, बाबांना उतरताना हात द्या हं," असे दोनदा बजावून ती कामाला गेली.

आदल्या दिवशी माल भरताना गाडी मागे घेत असता खालून काहीतरी आपटले होते. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते, त्या भांड्याला दगड लागला होता. रात्रभर तिथून थेंबथेंब गळत होते. मास्तर केबिनपाशी आले आणि थबकले.

"ऑइलचा वास येतोय हो इथे."

"मामा, हा गाडीतळ आहे. इथे काय अत्तराचा वास येणार?"

मास्तर हसले. पूर्वीचे मास्तर असते तर वाकून जमिनीवर बोट फिरवले असते, मोजपट्टी ओढून ऑइल पाहिले असते. आज ते हळूच सीटवर चढून बसले.

पाऊण तास बरा गेला. मग दाब उतरू लागला आणि मी पेटलो. या वेळी वायर टेकली नव्हती. या वेळी मी खरे बोलत होतो. जेवढा लाल होता येईल तेवढा मी झालो. पण पट्टीपलीकडे काही गेले नाही. फार तर तिच्या कडेने केसाएवढी लाल रेघ दिसत असेल. बाहेर लख्ख ऊन होते. त्या रेघेकडे कोण पाहणार?

मास्तरांनी मान तिरपी केली. ते कानाने पाहत होते. "जावईबापू, समोर लाल काही पेटलंय का?"

जावयाने आमच्यावरून नजर फिरवली. "नाही मामा. सगळं साफ आहे."

तो खोटे बोलला नाही. पट्टी लावून इतके दिवस झाले होते की तिच्याखाली कुणी आहे, हेच तो विसरला होता.

घाटाचा चढ सुरू झाला. इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. मास्तरांनी गुडघ्यावरची बोटे आवळली. सांगावे की नाही, याचा त्यांच्या मनात किती वेळ गेला ते मी पाहिले. शेवटी ते म्हणाले, "आवाज बरा नाही. जरा बाजूला घेता का?"

"चढ संपू दे मामा. इथे थांबलो तर भरलेली गाडी पुन्हा उचलताना नाकी नऊ येतील. आणि नऊची वेळ चुकेल तुमची."

"असं म्हणता? बरं."

पुढच्याच वळणावर आतून लोखंड फुटल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन जागीच जाम झाले. धुराचा लोट उठला. जावयाने पाय दाबून ब्रेक लावला, हँडब्रेक ओढला. पण इंजिन बंद म्हणजे ब्रेकसाठी हवा भरणारा पंपही बंद. आमचा हँडब्रेक जुना. हवेचा काटा खाली उतरू लागला, हवेचा लाल दिवा पेटला, भोंगा ओरडू लागला. गाडी बोट बोट मागे सरकत होती. मागे कामावर निघालेल्या बायकांची एक छोटी गाडी आमच्या पाठीला लागून उभी होती, आणि तिच्या मागे गाड्यांची रांग. तिला मागे जायला जागा नव्हती.

जावयाला ब्रेकवरून पाय काढता येईना. मास्तरांनी सीटमागे हात घातला आणि चाकाला लावायचा लाकडी ठोकळा ओढून घेतला.

"मामा, तुम्हाला दिसत नाही! तुम्ही नका उतरू!"

"पाय काढू नका," मास्तर म्हणाले आणि उतरले. या वेळी त्यांच्या बोलण्यात सासरा नव्हता. मास्तर होते.

मला फक्त केबिन दिसते. पुढचे मी ऐकले. गाडीच्या अंगावरून हात फिरवत ते मागच्या चाकाकडे गेले, त्या हाताची घासट मी ऐकली. बायकांच्या किंकाळ्या ऐकल्या. मग गाडीला एक हिसका बसला आणि ती थांबली.

"लागलं लाकूड!" मास्तरांचा आवाज आला. थोडा वेळ काहीच नाही. मग हळू आवाजात, "हात तेवढा अडकलाय."

"मामा!"

"आहे मी. पाय काढू नका म्हटलं ना."

बायका धावल्या. कुणी बाकीच्या चाकांखाली दगड लावू लागल्या, कुणी आपल्या गाडीतला जॅक काढला. तेवढा सगळा वेळ जावई ब्रेकवर पाय रोवून बसून होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. त्याची नजर आमच्यावर पडली. केबिन धुराने अंधारली होती, म्हणून असेल, पट्टीच्या कडेची लाल रेघ त्याला दिसली. तो तिच्याकडे पाहतच राहिला. मित्रांनो, त्याने मला खऱ्या अर्थाने पाहिले ते तेव्हा. आणि आता माझा काही उपयोग नव्हता.

मास्तरांची उजव्या हाताची दोन बोटे गेली. मागच्या गाडीतल्या सगळ्या बायका सुखरूप घरी पोचल्या. डोळ्याचे ऑपरेशन लांबले.

पंधरा दिवसांनी तिघेही मिस्त्रीच्या कारखान्यात गाडी पाहायला आले. मास्तरांचा हात गळ्यात बांधलेला होता. मिस्त्री म्हणाला, "इंजिनात काही राहिलं नाही. वेळेवर थांबवली असती तर एका दिवसाचं काम होतं." मग त्याने केबिनमध्ये वाकून माझ्यावरची पट्टी नखाने सोलून काढली. "ऑइलच्या दिव्यावर ही पट्टी कुणी लावली?"

जावयाचा चेहरा पांढरा पडला.

"मी लावली होती," मास्तर म्हणाले. "माझ्याच वेळची आहे ती. डोळ्याला टोचायचा तो दिवा."

मुलगी वळली. "बाबा, तुम्ही? लाल म्हणजे थांबायचं, हे मला कुणी शिकवलं? आणि तुम्हीच पट्टी लावलीत? यांचा जीव गेला असता! तुमचा हात..." ती बोलत राहिली आणि रडत राहिली. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. जावयाचे ओठ एकदा हलले. मला वाटले, आता बोलेल. तो बोलला नाही.

मला सगळे ठाऊक होते. पण बॅटरी काढून ठेवलेली होती. आणि ती असती तरी मी काय केले असते? लाल झालो असतो, एवढेच.

गाडी मोडीत गेली. आम्हा दिव्यांची पाटी तेवढी मिस्त्रीने फळीवर ठेवली, जुन्या फॅनबेल्टच्या आणि पान्यांच्या शेजारी. महिन्याभराने एका सकाळी जावई एकटाच आला. केबिनमधली उशी न्यायला आलोय, म्हणाला. पण उशी घेतल्यावरही तो घुटमळला.

"मिस्त्री, एक विचारू? हसू नका. कुठला दिवा कशाचा, ते मला सांगाल?"

मिस्त्री हसला नाही. त्याने आम्हाला खाली काढले, टेबलावरच्या बॅटरीला वायर जोडल्या आणि एकेकाला पेटवून दाखवले. जावई कागदावर चित्रे काढून घेत होता. माझ्यापाशी आल्यावर त्याचे पेन थांबले. मिस्त्री त्याच्याकडे पाहत म्हणाला, "पट्टी नवी होती. मास्तरांच्या वेळची असती तर अशी निघाली नसती."

जावयाने माझे चित्र पुरे केले.

"घरी सांगायचं राहिलंय," जावई म्हणाला. कागदाची घडी खिशात घालून, उशी काखेत मारून तो निघून गेला.

त्याने सांगितले का, मुलीने आपल्या बाबांना पुन्हा पूर्वीसारखी हाक मारली का, हे मला माहीत नाही. फळीवर कुणी बातमी आणत नाही.

मित्रांनो, आमच्यासारखे दिवे तुम्हाला पुष्कळ भेटतील. सगळेच काचेमागे नसतील. एखाद्यावर पट्टी लावली तर तो दिसत नाही, पण विझतही नाही. ज्याला माहीत आहे त्याने नात्याची भीड धरू नये. ज्याला माहीत नाही त्याने लाज धरू नये. माझे तोंड दाराकडे आहे. जावई पुन्हा आला तर मला दिसेल. पण घरी काय झाले, हे मला त्याला विचारता येणार नाही. तुम्हाला विचारता येते. वेळेवर विचारा.