मोकळ्या सोळा मात्रा

बाबांच्या आवडत्या त्या गाण्यात दुसरं कडवं संपलं की सोळा मात्रा कोणी गात नाही. नुसता ठेका चालू राहतो. लहानपणी मला वाटायचं, तिथली गिटार रेकॉर्डमध्येच आहे. मैत्रिणीकडे तेच गाणं लागलं तेव्हा मी ठणकावून सांगितलं होतं, "तुमची रेकॉर्ड बिघडलीये." घरी हे ऐकून बाबा इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

बाबांचं चष्म्यांचं दुकान. रोज साडेनऊला ते घरी ती रेकॉर्ड लावून तिच्यासोबत गिटार वाजवायचे आणि दहाच्या ठोक्याला थांबून दुकान उघडायला निघायचे.

त्यांना जाऊन सात आठवडे झाले होते. त्यातले तीन आठवडे मी त्यांचा तो सोळा मात्रांचा तुकडा शोधत होते. लिहिलेलं वाजवण्याइतपत गिटार मला येते. पण त्यांनी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. माझ्या कानांतून तुकडा गेला की तो कायमचा गेला.

शनिवारी सकाळी सापडला! चढत जाणारे पाच सूर, मग एक थांबा.

"आई! लवकर ये!"

आई ओल्या हातांनीच आली. मी वाजवून दाखवलं.

"छे. त्यांचं वरून खाली यायचं. जिना उतरल्यासारखं." तिने गुणगुणून दाखवलं.

"वर जायचं गं!"

"तू अंथरुणात लोळत ऐकायचीस. मी उभी राहून ऐकलंय, तीस वर्षं."

आम्ही आत्याला फोन लावला. तिने दोघींचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोघीही बहिऱ्या आहात. दादा एकच सूर धरून बसायचा. मी म्हणायचे, अरे, अडकलास का?" आणि फोनवरच टँव टँव करून दाखवू लागली.

तेवढ्यात रोजच्यासारखे दुकानाची किल्ली न्यायला काचकाका आले. बाबांच्या दुकानात काचा घासण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय.

"काका, तुम्हीच सांगा आता," आई म्हणाली.

त्यांनी टेबलावर बोटं टेकवली आणि चार मात्रा गप्प राहिले. मग एकदम धडाधड वाजवत सुटले. "हे असं."

"झालं!" आई म्हणाली. "चार माणसं, चार तऱ्हा!"

"वहिनी, पण साहेब एकदा वाजवलेलं पुन्हा वाजवायचेच नाहीत. मी एकदा म्हटलं, कालचं झकास होतं, तेच होऊ द्या. तर म्हणाले, काल एकाला दिलेला नंबर आज दुसऱ्याला चालेल का?"

मला वाईट वाटायला हवं होतं, पण हसू फुटलं. मी जो शोधत होते तो तुकडा मुळात नव्हताच. साडेनऊला असायचा, दहाला नसायचा. दुसऱ्या दिवशी नवा.

आईने रेकॉर्डची सुई उचलून पहिल्या कडव्यावर ठेवली.

"आई, मला असं आयत्या वेळी सुचत नाही."

"तीन आठवडे डोकं उठवलंस. आता वाजव."

"फोन ठेवू नका हं!" आत्या ओरडली.

दुसरं कडवं संपलं. भीतीने दोन मात्रा निसटल्या. तिसरीला बोट भलत्याच तारेवर पडलं. सूर चुकीचा, चांगलाच मोठा. दुरुस्त करायला वेळ नव्हता, म्हणून शेजारच्या सुरावर सरकले, तिथून वर, आणखी वर, आणि आता उतरायचं कुठे हे मला माहीत नव्हतं! पंधरावी, सोळावी, आणि गायक बरोब्बर माझ्या शेवटच्या सुरावर आला.

"आं!" काचकाका म्हणाले.

"हे कुणाचं गं?" आईने विचारलं.

"काय माहीत."

"पुन्हा वाजव."

"पुन्हा तसं नाही येणार, आई."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग हात कोरडे केले आणि सुई परत मागे नेली.

"मग दुसरं वाजव."

दहा वाजून गेले होते. किल्ली खिळ्यावरच होती आणि काचकाका खुर्ची ओढून बसले होते.